बंदरावरची फेरी

थोरलीचं अर्धं अंग टीव्हीच्या मागे होतं आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला होता. पलीकडून धाकटा भाऊ उंटावरून शेळ्या हाकत होता.

“लाल लालमध्ये, पांढरी पांढरीमध्ये. त्यात एवढं काय?”

“एक पिवळी पण आहे.”

“ती टीव्हीलाच राहू दे, ती चित्राची. तुला कॉम्प्युटरवर फक्त गाणं पाहिजे ना?”

“गाणं कुठलं रे, नुसती धून.”

“तेच ते. लाल-पांढरीची दुसरी टोकं मिळून एक पिन झालीय बघ. ती कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात घाल.”

थोरलीने मान वाकडी करून पाहिलं. एक भोक हिरवं होतं, एक गुलाबी होतं, आणि तिसऱ्यावर इतकी धूळ होती की त्याला निळं म्हणायला मन मोठं लागलं असतं. तिने फुंकर मारली आणि सगळी धूळ आपल्याच डोळ्यांत घालून घेतली. सकाळपासून उभ्याने काम करून पाय भरून आले होते, आता गुडघेही बोलायला लागले.

“ताई, मी परत सांगतो, तू उगाच जिवाचं रान करतेयस. नेटवर हे सगळं तयार मिळतं. मी पाठवलं होतं ना तुला?”

पाठवलं होतं, खोटं कशाला बोला. कुठल्याशा मोठ्या वाद्यवृंदाने वाजवलेली तीच धून होती, भरपूर व्हायोलिनं आणि शेवटी ढोलबिल. थोरलीने ती वृद्धाश्रमात नेऊन आईला ऐकवली होती. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, इअरफोनची तार बोटांभोवती गुंडाळून व्यवस्थित परत केली आणि म्हणाली, “छान आहे हो. तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?”

पोटच्या पोरीला आई आता ‘तुम्ही’ म्हणत होती. ही कुणीतरी दवाखान्यातली बाई आहे, अधूनमधून चौकशीला येते, एवढीच तिची समजूत होती. आणि ती अगदीच चूक होती असंही नाही. थोरली दवाखान्यातच कामाला होती. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, पुसायची, कापडात बांधायची आणि निर्जंतुक व्हायला वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची. बाहेर आल्यावर पुडक्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या असतील तर पुढे पाठवायचं, नसतील तर पुन्हा आत. सगळा दवाखाना तिला ‘वाफवाली’ म्हणायचा. घरात तिचं नाव ‘धांदलबाई’ होतं. तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून ती धावत होती, असं आई सांगायची. म्हणजे, सांगायची तेव्हा.

ती धून ज्यातली, तो टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मुळात धाकट्याचा. नोकरीसाठी दूर गेला तेव्हा तो पलंगाखाली टाकून गेला. आई लोकांचे कपडे शिवायची. बाबा गेल्यावर तिने मशीन बंद केलं आणि संध्याकाळी नुसती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. एकदा पलंगाखाली झाडताना डबा हाताला लागला. “पोरगं एवढं यात काय बघायचं ते बघू तरी,” म्हणून तिने तो लावून घेतला आणि मग काही सोडला नाही. शिवणकामाची बोटं, चारच दिवसांत बटणांवर बसली.

खेळात चार माणसं एकामागून एक चालायची. जग वाचवायचं, राक्षस मारायचा, असा सगळा मामला. सुरुवातीला त्यांना नावं द्यावी लागत आणि जागा जेमतेम. पुढे चालणारी बाई होती तिला आईने ‘मी’ म्हटलं. तिरंदाज पोरगा झाला ‘बाळ’. उड्या मारत चालणारी पोरगी ‘धांदलबाई’, पण तेवढी अक्षरं मावेनात, म्हणून ती ‘धांद’वरच राहिली. आणि सगळ्यात मागे चिलखत घातलेला एक जाडजूड, सावकाश चालणारा गडी होता. त्याचं नाव ‘अहो’.

“अगं, हे काय नाव झालं?” थोरलीने विचारलं होतं.

“मग? मी त्यांना जन्मभर दुसरी कुठली हाक मारलीय?”

राक्षसाच्या दारापर्यंत आई पोचली आणि तिथून माघारी फिरली. धाकटा फोनवर पोट धरून हसला. आई म्हणाली, “त्या राक्षसानं माझं काय घोडं मारलंय? आणि संपवलं की संपलं. मग उद्या काय करू?” त्यानंतर ती रोज संध्याकाळी आपली चारही माणसं घेऊन त्या खेळातल्या बंदरावर जायची. विहिरीवरून, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून, धक्क्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारायची, परत येऊन चौघांना धर्मशाळेत झोपवायची आणि डबा बंद करायची. बंदरावर तीच एक धून सारखी वाजत राहायची. आईला हळूहळू सगळ्याचा विसर पडत गेला. गॅस, किल्ली, पत्ता, शेवटी लेकीचं नाव. पण फेरी चुकली नाही.

मग एकदा गॅस नुसताच चालू राहिला, आणि एकदा आई स्टेशनपलीकडे सापडली. थोरलीने वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही केली. डबा तिथे नेता येईना. तिथल्या हॉलमध्ये एकच टीव्ही होता आणि बाकीच्यांना मालिका पाहिजे होत्या. शिवाय डबा म्हातारा झाला होता. थोडा वेळ चालला की तापायचा आणि पटकन डोळे मिटायचा.

“संध्याकाळ झाली की त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात,” वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “‘कुठं राहिले, कुठं राहिले’ म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. आत आणलं की रडतात. मला वाईट वाटतं हो, पण माझ्याकडे माणसं किती? या महिन्यात रुळल्या तर ठीक, नाहीतर डॉक्टर गोळी सुरू करतील. मग शांत राहतील.”

ती गोळी थोरलीला ठाऊक होती. दवाखान्यात तिने त्या गोळीवरची माणसं पाहिली होती. हनुवटी छातीवर, घास तोंडात तसाच. शांत असतात हे खरं, पण शांत तर कपाटही असतं. आईला तसं बघायचं नाही, एवढं एकच तिने ठरवलं होतं. बाकी काही ठरवण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

म्हणून हा तारांचा खटाटोप.

“लागली का पिन?” फोनमधून धाकटा म्हणाला. “आता खेळात जा आणि ‘आवाज’ असं पान आहे ते उघड. संगीत सोडून बाकी सगळं शून्यावर आण.”

“बाकीचं म्हणजे?”

“पावलं, दारं, तलवारी, सगळा खडखडाट. नाहीतर तो कचरा येतो धुनेत. मग बंदरावर जाऊन गप उभी राहा. धून एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, ती दुसरी फेरी पण घे. नंतर शेवट हळू करत करत संपव. एकदम फर्स्टक्लास होतं.”

फर्स्टक्लास एका झटक्यात काही झालं नाही. पहिल्यांदा आवाज इतका मोठा ठेवला गेला की धून फाटक्या पत्र्यासारखी आली. दुसऱ्यांदा ती उत्तम आली, पण बटण दाबायचंच राहिलं होतं. तिसऱ्यांदा डबा तापून मिटला. थोरलीने टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावला, थोडा वेळ थांबली, आणि अखेर एक स्वच्छ धून कॉम्प्युटरवर उतरली. खरखर नाही की खडखड नाही. पट्टीवर रेघा उमटलेलं पुडकं हातात आल्यासारखं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आईला फाटकाशी गाठलं, हाताला धरून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि इअरफोन लावला. आईच्या कपाळावरची आठी गेली. तिचा अंगठा आपोआप मांडीवर हलायला लागला. जमलं, जमलं, असं थोरली मनात म्हणत होती, तेवढ्यात आईचा अंगठा थांबला. ती कान देऊन बसली. बराच वेळ बसली. मग तिचा चेहरा उतरत गेला.

“कुठं राहिले?” ती म्हणाली.

“कोण, आई?”

“येतच नाहीयेत हो. तुम्ही पाहिलंत का कुणाला?” इअरफोन कानातून ओढून ती उठली आणि फाटकाकडे निघाली. मोठ्या बाई दारातून बघत होत्या. महिना संपत आला होता.

थोरली त्या संध्याकाळी घरी आली ती सरळ आडवी झाली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. बाबांची वाट बघणाऱ्या बाईला खेळातली धून ऐकवून गप्प करू बघणारी आपणच खुळी, असं तिला वाटलं. तिने धाकट्याला फोन केला नाही. तो ‘मी सांगत होतो’ म्हणाला असता, आणि त्यावर ओरडायलाही तिच्यात जोर नव्हता.

घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कामावर कळलं, आणि तेही अगदी फालतू गोष्टीवरून. ती दाराकडे पाठ करून चिमटे पुसत होती. मागे बाहेरच्या लांबलचक बोळात गाडा येत असल्याचा आवाज आला. मान वर न करताच ती म्हणाली, “या मामा, ठेवा तिकडं.”

वॉर्डातले मामा गाडा आत ढकलत हसले. “बाई, पाठीलापण डोळे आहेत का तुम्हाला?”

“डोळे कशाला? तुमच्या गाड्याचं एक चाक ठेचकाळतं. टक्‌-टक्‌ येतं.”

“तेल घालतो आज.”

“नका घालू,” थोरली म्हणाली, आणि चिमटा हातात तसाच धरून थांबली. “मग कोण आलं ते कळायचं कसं?”

बाबा रंगाच्या कारखान्यात कोठीवर होते. रंगाचं पिंप पायावर पडलं तेव्हापासून एक पाय ओढत चालायचे. बाहेर जाताना आई नेहमी पुढे असायची. थोडं चालून ती थांबायची, पण मागे वळून कधी बघायची नाही. समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभी राहायची. मागून चपलेची फरफट जवळ आली की पुन्हा चालायला लागायची. लहानपणी थोरलीने एकदा विचारलं होतं, “तू बघत का नाहीस गं मागे?” आई म्हणाली होती, “बघितलं की त्यांना वाटतं, आपण मागं पडलो.”

बंदरावर ती तसंच चालायची. थोरली शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असायची आणि आई दर थोड्या वेळाने का थांबते म्हणून मनातल्या मनात चिडायची. ‘मी’ चार पावलं चालून थांबायची. ‘बाळ’ आणि ‘धांद’ टपटप येऊन मिळायचे. मग शेवटी, बऱ्याच वेळाने, चिलखताचा जड आवाज यायचा, खण्‌... खण्‌... आणि अहो पोचले की आई पुढचं पाऊल टाकायची. तेच चिलखत, तीच पावलं धाकट्याने कचरा म्हणून काढायला लावली होती, आणि हिने स्वतःच्या हाताने शून्यावर आणली होती. काखेत कळसा म्हणतात, तो हाच.

रविवारी दुपारी ती पुन्हा टीव्हीसमोर बसली. पडदे ओढले, टेबलफॅन डब्यासमोर ठेवला, ‘आवाज’ पानावर जाऊन सगळा कचरा होता तसा परत आणला आणि धर्मशाळेच्या दारातून फेरी सुरू केली.

सोपं वाटत होतं, पण नव्हतं. तिचा अंगठा थांबायला तयारच होईना. विहिरीपर्यंत ती इतक्या झपाट्याने गेली की अहो पार पडद्याबाहेर राहिले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. “थांब ना गं बये,” ती स्वतःलाच म्हणाली. आयुष्यभर ती धावत आली होती. आईला जेवण भरवताना धावत, दवाखान्यात धावत, आईला वृद्धाश्रमात सोडलं त्या दिवशीही ‘ड्युटी आहे’ म्हणून धावत. शेवटी डब्याला विश्रांती म्हणून तिने तो बंद केला आणि खुर्चीवर नुसती बसून राहिली. सगळा शीण अंगात उतरू दिला. पुन्हा रिमोट हातात घेतला तेव्हा तिच्या हातात घाई करण्याइतकं त्राणच नव्हतं, आणि त्याचा फायदा झाला.

चार पावलं चालून ती थांबली. टपटप. मग काहीच नाही. धून आपली चालली होती. आता येतील, आता येतील, असं वाटून तिने श्वास धरला, आणि मागून आलं. खण्‌... खण्‌... थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबा गेले तेव्हा सगळी धावाधाव तिनेच केली होती आणि रडायचं राहून गेलं होतं. ते आता आलं, टेबलफॅनच्या वाऱ्यात, एका चिलखतवाल्या चित्रापायी. तिने नाकही ओढलं नाही.

विहीर झाली. जाळ्यांपाशी आली तेव्हा डब्यातून घरघर सुरू झाली आणि पडद्यावरचं चित्र थरथरलं. आता हा मिटणार, सगळं जाणार, या भीतीने तिचा अंगठा सुटला आणि ती अहो पोचायच्या आतच पुढे निघाली. चूक लगेच कळली, पण परत फिरण्याची सोय नव्हती. पुढच्या वळणावर तिने त्यांना गाठू दिलं. मग मात्र नीट थांबत थांबत धक्क्याच्या टोकाला गेली, नीट परत आली, आणि धर्मशाळेच्या दारात चौघं जमली तेवढ्यात पडदा काळा झाला. चौघांना झोपवायचं तेवढं राहिलं.

कॉम्प्युटरवर फेरी उतरली होती. थोरलीने डब्यावर हात ठेवला, तो चुलीतून काढल्यासारखा तापला होता. बटण दाबून पाहिलं असतं तर तो पुन्हा उठतो की नाही ते कळलं असतं. तिने ते दाबलं नाही. तारा काढून गुंडाळल्या आणि ती फेरी धाकट्याला पाठवून दिली.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“ताई, यात पावलं आलीयत.”

“हो.”

“मी तुला म्हटलं होतं की...” असं म्हणून तो थांबला. तो ऐकत होता, मागे धून चालू होती. “हे मागचं... बाबांचंच ना गं?”

“हो रे.”

“च्यायला,” तो म्हणाला आणि मग फेरी संपेपर्यंत दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.

सोमवारी थोरलीला दुपारपाळीची अर्धी सुट्टी मिळाली. आई फाटकाशी होती. “कुठं राहिले हो?” तिने विचारलं. “येतायत, बसू या तोवर,” असं म्हणून थोरलीने तिला बाकावर आणलं. इअरफोनचं एक टोक आईच्या कानात दिलं, दुसरं स्वतःच्या कानात घातलं आणि फेरी सुरू केली. परतीच्या बसची वेळ होत आली होती, म्हणून पर्स खांद्यावरच होती.

कानात धर्मशाळेचं दार करकरलं. पावलं पडली आणि थांबली. आईचा अंगठाही थांबला. टपटप आलं. आईने डोळे मिटून मान किंचित कलती केली, आणि लांबून ते जड पाऊल यायला लागलं. खण्‌... खण्‌... पोचलं. आईच्या तोंडून एक सुस्कारा आला, दिवसभर धरून ठेवल्यासारखा. मग अंगठा पुन्हा हलला. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, काही क्षण बघून आत गेल्या. आईचं तोंड एकदाही फाटकाकडे वळलं नाही.

जमलं होतं. थोरलीने हळूच घड्याळात पाहिलं. बस धरायची तर आता उठायला हवं होतं. गाणी ऐकायचं ते छोटं यंत्र आईच्या मांडीवर ठेवून ती कानातलं टोक काढणार, एवढ्यात धून जाळ्यांपाशी आली. तिथे तिची ती चूक होती. पावलं थांबली, आणि थांबल्या थांबल्या घाईने पुढे निघाली.

आईचा हात चटकन आला आणि तिच्या मनगटावर बसला.

“थांब गं, धांदलबाई,” आई म्हणाली. तिने डोळेही उघडले नव्हते. “येऊ दे की त्यांना.”

थोरलीने खांद्यावरची पर्स काढून बाकाखाली ठेवली. बाहेर बस आली, थांबली आणि गेली. वळणावर मागचं पाऊल हळूहळू जवळ येत होतं, आणि ते येऊन पोचेपर्यंत दोघी बसून राहिल्या.

“हं,” आई म्हणाली, “चला आता.”